छातीच्या ऑपरेशननंतर वेदना ‘सहन करणं’ धोक्याचं का असतं? वेदनाशमन नेमकं कसं केलं जातं?

बायपास, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन, कॅन्सर झालेला फुफ्फुसाचा भाग काढणं किंवा फुफ्फुसाभोवती साचलेला पू साफ करणं. कारण कुठलंही असो, छाती उघडली की पुढचे काही दिवस दुखतंच. अशा वेळी पेशंटने फारशी तक्रार केली नाही, तर घरचे त्याचं कौतुक करतात. ‘गोळ्या-इंजेक्शनं जेवढी कमी तेवढं बरं’, ‘सवय लागेल’, ‘ऑपरेशन म्हटलं की एवढं दुखायचंच’ असे सल्लेही मिळतात.

छातीच्या बाबतीत हा सोशिकपणा महागात पडू शकतो. छाती दुखत असली की माणूस पुरता श्वास घेत नाही आणि खोकणं टाळतो. त्यातून फुफ्फुसात कफ साचतो आणि न्यूमोनियापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून या ऑपरेशननंतर वेदना कमी करणं हा पेशंटला आराम देण्यापुरता विषय राहत नाही. त्याचा श्वास मोकळा ठेवण्याचा तो उपचारच असतो.

छातीचं ऑपरेशन म्हणजे नेमकं काय उघडतात?

छातीत शिरण्याचे मुख्य रस्ते तीन. पहिला समोरून, छातीच्या मधोमध असलेलं उभं हाड (उरोस्थी) कापून. बायपास आणि झडपांची बरीच ऑपरेशनं अशी होतात. काम झालं की हे हाड सहसा स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधतात.

दुसरा रस्ता बाजूने, दोन बरगड्यांच्या मधून. याला थोरॅकोटॉमी म्हणतात. फुफ्फुस आणि अन्ननलिकेची ऑपरेशनं पूर्वापार अशी केली जातात. हात आत जाईल एवढी जागा हवी म्हणून बरगड्या एका उपकरणाने हळूहळू फाकवाव्या लागतात. अर्जेंटिनाचे सर्जन एन्रिके फिनोकिएत्तो यांच्या नावाचं असं उपकरण १९३० च्या दशकापासून जगभर वापरलं जातं.

तिसरा रस्ता दुर्बिणीचा. एक ते तीन-चार छोट्या छेदांमधून कॅमेरा आणि हत्यारं आत घालतात. याला ‘व्हॅट्स’ म्हणतात. यात बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत.

सगळ्यात जास्त दुखणाऱ्या ऑपरेशनांमध्ये थोरॅकोटॉमीचं नाव घेतलं जातं.

इतकं का दुखतं?

पहिलं कारण बरगडीच्या रचनेत आहे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खाच असते. त्या खाचेतून एक शीर, एक धमनी आणि एक चेतातंतू पाठीकडून पुढे जातात. या तिघांमध्ये चेतातंतू सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात कमी आडोशाला असतो. बरगड्या फाकवताना, टाके घेताना किंवा दुर्बिणीची नळी आत घालताना तो दाबला जातो, ताणला जातो, क्वचित इजाही होते. म्हणजे इथं कातडी आणि स्नायूंच्या जखमेच्या जोडीला खुद्द वेदना वाहून नेणाऱ्या तारेलाच धक्का लागलेला असतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हात मोडला तर प्लास्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. छातीला अशी विश्रांती देता येत नाही. मोठा माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे दिवसाला सुमारे १७ ते २९ हजार वेळा. त्या प्रत्येक श्वासाला बरगड्या हलतात आणि जखम ओढली जाते.

तिसरं कारण म्हणजे ड्रेनची नळी. ऑपरेशननंतर आत साचणारी हवा, रक्त आणि पाणी बाहेर काढायला बरगड्यांच्या मधून नळी ठेवलेली असते. ती आतल्या आवरणाला घासते. बऱ्याच पेशंटना नळी निघाली की लगेच हलकं वाटतं.

दुखण्याचा आणि न्यूमोनियाचा संबंध काय?

दुखू नये म्हणून माणूस नकळत छाती आवळून धरतो आणि वरवरचे, छोटे श्वास घेतो. फुफ्फुसाच्या तळाकडच्या हवेच्या बारीक पिशव्या त्यामुळे पुरत्या फुगत नाहीत. काही काळाने त्या मिटून चिकटतात. त्या भागातून जाणाऱ्या रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही आणि बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा खाली येऊ लागतो.

त्यातच भूल, श्वासनळीत घातलेली नळी आणि ऑपरेशन यांमुळे कफ वाढलेला असतो. तो बाहेर काढायचा एकच नैसर्गिक मार्ग, जोरात खोकणं. पण खोकल्याने कळ येते म्हणून पेशंट खोकला दाबतो. साचलेल्या कफात जंतू वाढले की न्यूमोनिया होतो. सिगारेट-विडी ओढणारे, दमा किंवा सीओपीडी असलेले, वयस्कर आणि लठ्ठ पेशंट यांना हा धोका जास्त.

याच्या जोडीला अंथरुणात पडून राहिल्याने पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होऊ शकते. तीव्र वेदनेने नाडी आणि रक्तदाब वाढतो, हृदयावरचा ताण वाढतो. झोप नीट होत नाही.

म्हणूनच भूलतज्ज्ञ, सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट दिवसातून अनेकदा एकच गोष्ट सांगतात: खोल श्वास घ्या, खोका, उठून बसा, चाला. वेदना आटोक्यात नसेल तर यातलं काहीच जमत नाही.

वेदना मोजतात कशी?

वेदना दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. त्यामुळे पेशंटलाच विचारतात, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सगळ्यात वाईट वेदना.

यात एक गोम आहे. निपचित पडून असताना पेशंट ‘दोन’ म्हणेल आणि खोकताना तोच आकडा ‘आठ’ असेल. छातीच्या ऑपरेशननंतर दुसरा आकडा जास्त उपयोगाचा. राउंडला आलेल्या डॉक्टरांना ‘पडून असताना ठीक आहे, पण खोकताना आठ’ असं सांगितलं, तर त्यांना खरं चित्र कळतं. आकडा शून्यावर आणणं हे ध्येय नसतं. मोठा श्वास घेता यावा, खोकता यावं आणि चालता यावं एवढी वेदना खाली आणायची असते.

उपाय कोणते?

एकाच औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी दोन-तीन औषधं आणि भुलेचा ब्लॉक अशी जोडी लावतात. त्यामुळे प्रत्येक औषधाचा डोस कमी लागतो आणि त्याचे दुष्परिणामही कमी होतात.

१. एपिड्युरल: मणक्यांच्या मधून सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत केसासारखी बारीक नळी ठेवतात. तिच्यातून बधिर करणारं पातळ औषध, बऱ्याचदा फेंटानिलसारख्या औषधासोबत, सतत सोडलं जातं. बाळंतपणात कळा कमी करायला वापरतात तीच ही पद्धत. फक्त इथं नळी कमरेऐवजी पाठीत वरच्या बाजूला बसवतात. स्पॅनिश लष्करी सर्जन फिडेल पाहेस यांनी १९२१ मध्ये या पद्धतीचं वर्णन केलं होतं. थोरॅकोटॉमीसाठी अनेक वर्षं हाच सर्वोत्तम उपाय मानला गेला.

तोटेही आहेत. दोन्ही बाजूंच्या नसा बधिर होत असल्याने रक्तदाब घसरू शकतो. लघवी अडकू शकते, अंगाला खाज येऊ शकते. क्वचित मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती कधी थांबवली हे डॉक्टरांना अचूक सांगावं लागतं. एपिड्युरल असताना किंवा काढल्यावर पायांत अचानक अशक्तपणा आला, तर तो लगेच सांगणं गरजेचं आहे.

२. पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक: मणक्यातून चेतातंतू बाहेर पडतो त्या जागी, ऑपरेशन झालेल्या एकाच बाजूला औषध सोडतात. ही पद्धत १९०५ मध्ये जर्मनीत ह्यूगो झेलहाइम यांनी वापरली, नंतर मागे पडली आणि १९७९ मध्ये पुन्हा चर्चेत आली. फुफ्फुसाच्या ऑपरेशनच्या वेळी सर्जन आतून बघूनही ही नळी ठेवू शकतात.

एपिड्युरल आणि पॅराव्हर्टिब्रल यांची तुलना करणाऱ्या १४ अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात थोरॅकोटॉमी झालेले ६९८ रुग्ण होते. वेदना कमी करण्यात दोन्ही पद्धती साधारण सारख्याच ठरल्या. रक्तदाब घसरणं, मळमळ, खाज आणि लघवी अडकणं हे त्रास मात्र पॅराव्हर्टिब्रलमध्ये कमी आढळले.

३. स्नायूंच्या थरांमधले ब्लॉक: सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत स्नायूंच्या दोन थरांमध्ये औषध पसरवतात. छातीच्या बाजूला दिला जाणारा ‘सेराटस’ ब्लॉक २०१३ मध्ये आणि पाठीच्या स्नायूखाली दिला जाणारा ‘इरेक्टर स्पायनी’ ब्लॉक २०१६ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला. सुई मज्जारज्जू आणि फुफ्फुस यांपासून लांब राहते, त्यामुळे हे ब्लॉक देणं तुलनेने सोपं आणि सुरक्षित असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात त्यांचा वापर वाढला आहे.

४. नस गोठवणं: सर्जन छातीच्या आतून बरगडीखालच्या चेतातंतूला उणे ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलेली सळई लावतात. तंतूचा आतला भाग तात्पुरता निकामी होतो, पण त्याची बाहेरची नळी शाबूत राहते. तिच्यातून तंतू दिवसाला १ ते ३ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतो. तोवर काही आठवडे ते महिने तो भाग बधिर राहतो. छातीचं हाड आत खचलेल्या मुलांमध्ये धातूची पट्टी बसवण्याच्या ऑपरेशनात ही पद्धत विशेष वापरली जाते. परिणाम सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशी दुसरी औषधं द्यावीच लागतात. काहींना नंतर त्या भागात जळजळ किंवा मुंग्या जाणवतात.

५. नेहमीची औषधं: पॅरासिटामॉल हा पाया. ते ठरलेल्या वेळी दिलं तर इतर औषधांची गरज कमी होते. मोठ्यांसाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम असते. वजन कमी किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, हे घरी गेल्यावर लक्षात ठेवायला हवं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातली औषधं सूज आणि वेदना दोन्ही कमी करतात. पण किडनी, जठर आणि रक्तस्राव यांचा विचार करूनच ती देतात. बायपासच्या पेशंटसाठी यात खास इशारा आहे. हार्ट अॅटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढत असल्याने बायपासच्या आधी-नंतरच्या वेदनेसाठी ही औषधं वापरू नयेत, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ पासून त्यांच्यावर छापायला लावली. त्यामुळे ‘माझ्याकडे गुडघ्याची गोळी आहे, तीच घेतो’ हा प्रयोग बायपासनंतर करू नये. बायपासच्या पेशंटना डॉक्टर देतात ती कमी डोसची अॅस्पिरिन या सूचनेत येत नाही. ती मनाने बंद करायची नसते.

मॉर्फिनची भीती किती खरी?

मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही औषधं तीव्र वेदनेवर प्रभावी आहेत. काही हॉस्पिटलांत त्यासाठी बटण असलेला पंप देतात. दुखलं की पेशंटने बटण दाबायचं, ठरलेला छोटा डोस सलाईनमधून जातो. पुढची काही मिनिटं कितीही वेळा दाबलं तरी पंप औषध देत नाही. एक नियम मात्र कडक आहे: बटण फक्त पेशंटनेच दाबायचं. गुंगी आली की हात आपोआप थांबतो, ही त्यातली सुरक्षा आहे. झोपलेल्या वडिलांसाठी मुलाने मायेपोटी बटण दाबलं, तर ही सुरक्षाच निघून जाते.

भीती दोन गोष्टींची असते. पहिली श्वास मंदावण्याची. ती खरी आहे. म्हणूनच श्वासाचा वेग, गुंगी आणि ऑक्सिजन यांवर नर्स लक्ष ठेवतात. घोरण्याचा आजार, स्लीप अॅप्निया किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगावं. गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबलिनसोबत ही औषधं घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या नियामकाने २०१९ मध्ये दिला.

दुसरी भीती सवयीची. तोही धोका शून्य नाही. पण देखरेखीखाली, काही दिवसांपुरती आणि कमी करत नेत ही औषधं दिली तर तो कमी राहतो. ब्लॉक नीट लागला असेल तर या औषधांची गरजच कमी पडते.

भारतात मॉर्फिन मिळण्यात कायद्याचीही अडचण होती. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हॉस्पिटलांना अनेक परवाने लागत आणि ते राज्यागणिक वेगळे असत. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसारख्या औषधांचा ‘आवश्यक अंमली औषधं’ असा वेगळा गट केला आणि देशभर एकसारख्या नियमांचा मार्ग मोकळा झाला.

दुर्बिणीने ऑपरेशन केलं तर कमी दुखतं का?

हो, पण दुखणं शून्य होत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या २०६ रुग्णांवर डेन्मार्कमध्ये झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या २४ तासांत लक्षणीय वेदना असलेल्यांचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात ३८ टक्के, तर छाती उघडलेल्या गटात ६३ टक्के होतं. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासातही पाच आठवड्यांनंतर दुर्बिणीच्या गटातल्यांची हालचाल आणि कामं करण्याची क्षमता जास्त चांगली दिसली.

पण कोणत्या पेशंटला कोणता रस्ता, हे गाठीची जागा आणि आकार, आधी झालेली ऑपरेशनं, चिकटलेलं फुफ्फुस यांवर ठरतं.

जखम छातीत, मग खांदा का दुखतो?

फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना त्याच बाजूचा खांदा ठणकतो. एपिड्युरल असूनही हे दुखणं थांबत नाही, त्यामुळे पेशंट गोंधळतो. श्वासपटलाकडे जाणारी नस मानेतून निघते आणि खांद्याच्या संवेदना नेणाऱ्या नसांचं मूळही तिथंच असतं. श्वासपटलाजवळची चुरचुर मेंदूला खांद्यातून आल्यासारखी वाटते. पाठीतल्या ब्लॉकचा परिणाम मानेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून यासाठी पॅरासिटामॉलसारखी औषधं वेगळी द्यावी लागतात. हृदयाचा आजार असलेल्या पेशंटने मात्र खांदादुखी अंगावर न काढता लगेच सांगावी.

महिने उलटले तरी दुखत असेल तर?

ऑपरेशननंतर तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या आणि दुसरं कारण नसलेल्या दुखण्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. थोरॅकोटॉमीनंतर हे विरळ नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार तीन महिन्यांनी सुमारे ५७ टक्के आणि सहा महिन्यांनी सुमारे ४७ टक्के रुग्णांना काही ना काही वेदना होती. यातल्या बऱ्याच जणांची वेदना सौम्य असते. काहींना मात्र शर्ट घासला तरी जळजळ होते, करंट लागल्यासारखं वाटतं किंवा छातीचा पट्टा बधिर राहतो.

सुरुवातीच्या दिवसांत ज्यांना जास्त दुखतं, त्यांच्यात दीर्घकालीन वेदना जास्त आढळते, हे १९९० च्या दशकापासून अभ्यासांत दिसलं आहे. पहिल्या दिवसांत वेदना पूर्ण आटोक्यात ठेवली तर पुढची वेदना नक्की टळेल असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही. नसेला झालेली इजा हाही त्यातला मोठा भाग असतो. अशा जळजळीवर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. नसांच्या वेदनेची औषधं वेगळी असतात, त्यासाठी पेन क्लिनिकचा सल्ला घेता येतो.

पेशंट आणि नातेवाइकांनी काय करावं?

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटतात. त्या भेटीत तीन प्रश्न विचारता येतात: वेदनेसाठी कोणता ब्लॉक देणार? तो किती दिवस चालेल? तो उतरल्यावर पुढे कोणतं औषध? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, किडनीचा त्रास, अॅसिडिटीचा अल्सर, दारू-तंबाखू, घोरणं यांची माहिती न लपवता द्यावी.

ऑपरेशननंतर औषध वेळेवर मागावं. कळ डोक्यावर गेल्यावर ती खाली आणायला जास्त औषध लागतं. फिजिओथेरपिस्ट येण्याआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक मिळालं तर व्यायाम नीट होतो. खोकताना उशी किंवा घडी केलेला टॉवेल जखमेवर घट्ट धरावा, ओढ कमी बसते. तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर ते ओढायचं असतं, फुंकायचं नसतं.

घरी आल्यावर दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. कमी होत आलेली वेदना अचानक वाढली, धाप लागली, ताप आला, जखमेतून पू आला किंवा छातीचं मधलं हाड खोकताना ‘कट’ असा आवाज करून हलल्यासारखं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता हॉस्पिटल गाठावं.

यातलं बरंचसं ऑपरेशन न झालेल्यांनाही लागू पडतं. दुचाकीवरून पडून किंवा बाथरूममध्ये घसरून बरगड्या मोडल्या, तरी श्वास अडण्याची हीच साखळी सुरू होते. वयस्कर माणसाच्या तीन-चार बरगड्या मोडल्या असतील, तर ‘बरगडीला प्लास्टर नसतं, आपोआप जुळेल’ म्हणून त्यांना घरी झोपवून ठेवणं धोक्याचं आहे. त्यांनाही हेच ब्लॉक देता येतात.